वाटते, दिसते, म्हणे



आज मी आपल्याशी व्याकरणाविषयी बोलणार आहे. व्याकरण हा शब्द ऐकताच शेतकरी बंधूंनी उठून जाऊ नये आणि शिक्षकमित्रांनीही 'हे तर आम्ही रोजच शिकवतो' असे म्हणू नये. कारण ज्या व्याकरणाविषयी मी बोलणार आहे, ते पुस्तकात थोडे आणि आपल्या ओट्यावर, पारावर, बाजारात जास्त सापडते. एखाद्या गोष्टीविषयी आपले मत काय, आपल्याला ती कशी भासली, हे आपण मराठीत कोणत्या क्रियापदांनी सांगतो, एवढाच आजचा विषय. विषय लहान आहे. पण त्यात चूक झाली तर किती नुकसान होते, हे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या माणसांना निराळे सांगायला नको.

एक वाक्य घेऊ. "उसात वाघ आहे." आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणायची रीत आहे, म्हणून मीही वाघच म्हणतो. आता हेच वाक्य पाच माणसे पाच तऱ्हांनी कशी बोलतात ते ऐका.

पहिला म्हणतो, "उसात वाघ दिसला." दुसरा म्हणतो, "उसात वाघ असावा." तिसरा म्हणतो, "उसात वाघ आहे वाटतं." चौथा म्हणतो, "असेल बाबा उसात वाघ." आणि पाचवा म्हणतो, "उसात वाघ आहे म्हणे."

वाघ एकच, ऊसही तोच. पण पाचही जणांनी आपल्याला निरनिराळी बातमी दिली. 'दिसला' म्हणणाऱ्याने तो डोळ्यांनी पाहिला. 'असावा' म्हणणाऱ्याने वाघ पाहिला नाही, पण खूण पाहिली. ओल्या वाफ्यात पंजा उमटलेला असेल, नाहीतर शेळी ओढत नेल्याचा माग असेल. 'वाटतं' म्हणणाऱ्याच्या मनावर काहीतरी उमटले. वस्तीवरची कुत्री एकाएकी भुंकू लागली आणि त्याच्या मनात वाघ आला. 'असेल' म्हणणाऱ्याजवळ खूणही नाही नि ठसाही नाही, तो फक्त शक्यता नाकारीत नाही. आणि 'म्हणे' वाल्याने कुणाचे तरी ऐकले. कुणाचे, ते तो सांगत नाही.

म्हणजे पाहा, आपली भाषा नुसती बातमी देत नाही. बातमी आली कुठून, तेही सांगते. डोळ्यांनी, खुणेवरून, मनावरून की कानांवरून, याचा दाखला ती वाक्याच्या शेपटाशी जोडून देते. सातबारा पाहिल्याशिवाय आपण जमिनीचा व्यवहार करीत नाही. मग हा दाखला न पाहता बातमीचा व्यवहार तरी का करावा?

आता या क्रियापदांकडे एकेक करून पाहू. पहिले 'वाटणे'.

हे मोठे गमतीचे क्रियापद आहे. मिरची वाटतात, लग्नाच्या पत्रिका वाटतात आणि भीतीही वाटते. "आई मिरची वाटते" या वाक्यात आई पाट्यापाशी बसली आहे. पण "आईला भीती वाटते" म्हटले की पाटाही गेला आणि वरवंटाही गेला. हा फरक केला कुणी? एका 'ला' या प्रत्ययाने. मिरची वाटण्याचे काम आई करते. भीती मात्र आई करीत नाही, ती आईला येते.

शिक्षकांना ठाऊक आहे की या वाक्यांत कर्ता शोधताना मुले हटकून फसतात. "मला थंडी वाजते" यात कर्ता कोण, असे विचारले की वर्ग एका सुरात 'मी' म्हणतो. पण वाजण्याची क्रिया करते ती थंडी. "मला डोंगर दिसतो" यात दिसण्याचे काम डोंगर करतो, माझ्याकडे फक्त अनुभव येतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली निघाले, मोरो केशव दामल्यांचा मोठा ग्रंथ 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ साली आला. तेव्हापासून आजवर मराठी व्याकरण शिकवणाऱ्यांना अशी वाक्ये थांबून समजावून सांगावी लागतात. कारण इथे माणूस वाक्याच्या आरंभी असतो, पण कर्ता नसतो.

हे एकट्या मराठीचे वेड नाही. हिंदीत "मुझे लगता है" म्हणतात. गोव्याच्या कोकणीत "म्हाका दिसता" म्हणतात, म्हणजे आपण जिथे 'वाटते' म्हणतो तिथे ते 'दिसते' म्हणतात. कन्नडमध्ये "ननगे अनिसुत्तदे" म्हणतात. त्यातले 'ननगे' म्हणजे 'मला'. आणि 'अनिसु' हे क्रियापद 'म्हणणे' या अर्थाच्या धातूपासून झाले आहे. जणू आपले मनच आपल्याला काहीतरी म्हणते आणि ते आपण ऐकतो. या सगळ्या शेजारणींचे एका गोष्टीवर एकमत आहे. मनात आलेला विचार हा माणसाने केलेला उद्योग नाही, तो पाहुण्यासारखा आलेला आहे.

पाहुणा आला म्हणून त्याला लगेच घराची किल्ली देत नाहीत. मला असे वाटले, इथे माझा दोष नाही आणि गुणही नाही. पण वाटले ते मी धरून ठेवले, चार जणांत मांडले, त्यावर निर्णय केला, की ते काम माझे झाले. त्या कामासाठी मराठीत निराळी क्रियापदे आहेत. "मी समजतो", "मी मानतो", "मी म्हणतो". इथे 'मला' जाऊन 'मी' आला. कर्ता पुढे आला आणि जबाबदारीही त्याच्याबरोबर आली.

तहसील कचेरीची नोटीस आठवा. "आपले म्हणणे मांडावे" असे तीत लिहिलेले असते. "आपल्याला काय वाटते ते कळवावे" असे लिहीत नाहीत. कारण म्हणण्यावर सही करावी लागते. वाटण्यावर कुणी सही मागत नाही.

ग्रामसभेत पाहा. पाण्याच्या पाळीचा विषय निघतो. एखादी बाई मागून उठते आणि हळूच म्हणते, "मला आपलं वाटतं, टेलच्या शेताला पाणी पोचत नाही." अहो, तिच्या शेतात पाणी पोचत नाही हे तिला वाटत नाही, ते ती रोज पाहते आहे! कोरडी चारी तिने डोळ्यांनी पाहिली, पण चारचौघांत बोलायचे म्हणून तिने 'वाटतं'चा पदर पुढे ओढला. आणि ऐकणारे काय म्हणतात? "बाई, तुम्हाला नुसतं वाटतं." खरी गोष्ट एका क्रियापदापायी हलकी झाली. तिने जर म्हटले असते, "मी तीन पाळ्या पाहिल्या, पाणी आले नाही, माझे म्हणणे लिहून घ्या," तर ते म्हणणे पुसून टाकणे अवघड गेले असते.

माझा 'वाटते'शी वाद नाही, बरे का. थोरामोठ्यांशी बोलताना 'वाटते' म्हणण्यात अदब आहे. दुसऱ्याच्या मताला जागा ठेवण्याची ती रीत आहे. पण अदब मतासाठी असावी. पाहिलेल्या गोष्टीला अदबीचे पांघरूण घातले की ती गोष्टच दिसेनाशी होते.

ही अडचण दूरदेशीच्या लोकांनाही आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कोरियन कंपनीचा कारखाना आहे, त्यामुळे कोरिया हे नाव आपल्याला आता परके राहिलेले नाही. या कोरियन भाषेत वाक्याच्या शेवटी 'गॉत् गथायो' असे शब्द जोडायची सवय आहे. शब्दशः अर्थ 'तशा गोष्टीसारखे आहे', म्हणजे आपले 'तसे वाटते'. तिथे ही सवय इतकी वाढली की जेवताना घास तोंडात असतानाही माणूस "हे चवदार आहे असे वाटते" म्हणतो, आणि तुझ्याच जिभेची चव तुला ठाऊक नाही का, म्हणून जाणती माणसे त्याला टोकतात.

त्याच भाषेत दुसरीही एक सोय आहे, ती आपल्या 'दिसते'सारखी. तिच्यात 'बोदा', म्हणजे पाहणे, हे क्रियापद येते. खाणावळीपुढे रांग पाहून कोरियन माणूस या रूपाने म्हणतो, "इथले जेवण चांगले असावे, असे दिसते." पण स्वतः जेवून बाहेर आल्यावर त्याला ते रूप वापरता येत नाही. कारण ते रूप फक्त खुणेवरून बांधलेल्या अंदाजासाठी आहे. आणि ऐकीव गोष्टीसाठी त्यांच्याजवळ शेवटी लागणारे 'देयो' आहे, थेट आपले 'म्हणे'. इतक्या दूरच्या भाषेनेही तीच पेवे निराळी ठेवली आहेत. पाहिलेले, ताडलेले आणि ऐकलेले धान्य एकात मिसळू नये, ही गरज माणसाला सगळीकडे पडलेली दिसते.

आता 'दिसणे' आणि 'असावा' यांकडे येऊ, आणि त्यासाठी आपल्याच नाणेघाटात जाऊ. घाटघरच्या पुढे घाटाच्या तोंडाशी लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत कोरलेला लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या दानांची यादी आहे. इथे 'आहे' म्हणायला हरकत नाही, अक्षरे समोर दिसतात. आत मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती गेल्या, पायांचे थोडे अवशेष राहिले, पण वर नावे कोरलेली आहेत. म्हणून 'होत्या' असे खात्रीने म्हणता येते. हा मोठा लेख राणी नागनिकेने कोरविला असावा, असे अभ्यासक मानतात. इथे 'असावा' आला, कारण लेखाचा काही भाग झिजला आहे आणि उरलेल्या शब्दांवरून अनुमान काढावे लागते. आणि घाटाशी जो मोठा दगडी रांजण आहे, त्यात व्यापारी जकातीची नाणी टाकीत, असे म्हणतात. इथे 'म्हणतात'.

शिक्षकमित्रांनो, एकाच जागी तुम्हाला ज्ञानाच्या चार पायऱ्या मिळाल्या. मुलांची सहल नाणेघाटात नेता, तेव्हा रांजणापाशी उभे राहून "यात जकात टाकीत" असे सांगू नका, "टाकीत, असे म्हणतात" असे सांगा. एका शब्दाचा खर्च आहे. पण त्या शब्दाने मुलाला कळते की इथे अजून विचारायला जागा आहे.

'असावा' या रूपाची एक खोड मात्र मुलांना सांगितली पाहिजे. "जावई शिकलेला असावा" याचे अर्थ दोन. तो शिकलेला आहे असा माझा तर्क आहे, हा एक. आणि जावई शिकलेलाच हवा ही माझी इच्छा, हा दुसरा. व्याकरणात या दोहोंना मिळून विध्यर्थ म्हणतात. इच्छा आणि तर्क एकाच घरात राहतात, म्हणून त्यांची अदलाबदल व्हायला वेळ लागत नाही. कांद्याचा भाव वाढावा अशी आपली इच्छा असते, आणि हळूहळू 'भाव वाढणार असावा' असा आपला तर्क होतो. इच्छेने तर्काचे कपडे कधी घातले, ते आपल्यालाही कळत नाही.

बाजाराचा विषय निघालाच आहे, तर 'म्हणे' तिथेच पाहू. 'म्हणे' हे मुळात 'म्हणणे' या क्रियापदाचे रीतिभूतकाळाचे रूप. 'तो असे म्हणे', म्हणजे म्हणत असे. पुढे त्यातला 'तो' गळाला आणि नुसता 'म्हणे' राहिला. बोलणारा हरवला, बोलणे राहिले. ओतूरच्या, आळेफाट्याच्या बाजारात कांद्याच्या पिशव्यांपाशी हा शब्द सारखा कानी येतो. "पुढच्या आठवड्यात भाव चढणार म्हणे." नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटांपाशीही तोच शब्द. आता ज्याने हे ऐकले, त्याने घरी जाऊन सांगितले, "भाव चढणार आहेत." वाटेत 'म्हणे' गळून पडला. घरच्यांनी चाळीतला कांदा आणखी महिनाभर ठेवला. त्यात सडला किती, वजनाला घटला किती, याचा हिशेब त्या गळालेल्या शब्दाकडे कोण मागणार?

पूर्वी 'म्हणे' पायी चालत असे. एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला त्याला दिवस लागे, आणि वाटेत कुणीतरी "कोण म्हणालं?" असे विचारी. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्यातली, कुठल्या तरी जुन्या वर्षातली वाघाची चित्रफीत येते आणि खाली लिहिलेले असते, "आपल्या गावात वाघ." पाठवणारा 'म्हणे' लिहीत नाही. ऐकीव गोष्ट पाहिलेली होऊन येते. मग मुलांची शाळा बुडते, रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला कुणी जात नाही. आणि जेव्हा खरोखरच पंजा उमटतो, तेव्हा लोक म्हणतात, "रोजचंच आहे." हा शेवटचा तोटा सर्वांत मोठा.

वाघाच्या बाबतीत 'वाटणे' आणि 'आढळणे' यांतला फरकही याच भागाने जगाला दाखवला आहे. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणे झाली, पाणी आले, ऊस वाढला आणि उसात बिबट्याला आडोसा मिळाला. लोकवस्तीजवळचे बिबटे पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडले म्हणजे धोका टळेल, असे पुष्कळांना वाटत होते. ते वाटणे स्वाभाविक होते. त्याप्रमाणे २००१ सालापासून जुन्नर वन विभागात मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यात आले. पुढे विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात उलटच आढळले. असे सोडणे सुरू झाल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले होते. 'वाटले' एक आणि 'आढळले' दुसरेच. आढळण्यासाठी शोधावे लागते, मोजावे लागते, तारखा लिहून ठेवाव्या लागतात. वाटण्याला यातले काहीच लागत नाही, म्हणून ते स्वस्त पडते, आणि कधी कधी फार महाग पडते.

आता एक दुःखाची आठवण काढावी लागते. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेवर माणसे गेली. ही गोष्ट बाहेर प्रथम कळली ती त्या बाजूने गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. रोज जिथे गाव दिसत असे, तिथे चिखलमातीचा ढिगारा त्याने पाहिला आणि ते त्याने कळवले. त्यानंतर मदत निघाली. पाहिले ते पाहिले म्हणून सांगण्याला किती मोल असते, ते त्या दिवशी कळले.

म्हणून डोंगरकपारीच्या गावांतल्या श्रोत्यांना माझी हात जोडून विनंती आहे. पावसाळ्यात घरामागच्या उतारावर भेग पाहिलीत, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झालेले पाहिलेत, झाडे किंवा खांब कललेले पाहिलेत, तर "जरा भेगेसारखं वाटतंय" एवढ्यावर थांबू नका. "भेग पाहिली" असे म्हणा. कुठे पाहिली, कोणत्या दिवशी, किती बोटे रुंद होती आणि काल किती होती, ते सांगा. ग्रामपंचायतीत सांगा, तलाठ्याला सांगा, लिहून द्या. समोरचा म्हणेल, "तुम्हाला वाटलं असेल." त्याला शांतपणे सांगा, "वाटलं नाही, दिसलं. चला, दाखवतो."

शेवटी शिक्षकांसाठी एक लहानसा उपक्रम सांगतो. त्याला पैसा लागत नाही. फळ्यावर चार रकाने आखा. पहिल्यावर लिहा 'पाहिले', दुसऱ्यावर 'ताडले', तिसऱ्यावर 'वाटले', चौथ्यावर 'ऐकले'. सकाळी मुले शाळेत येताना गावाच्या दहा बातम्या घेऊन येतातच. प्रत्येक बातमी कोणत्या रकान्यात बसते, ते मुलांनाच ठरवू द्या. "धरण भरलं" असे कुणी म्हटले, की विचारा, "तू पाहिलंस का?" तो म्हणेल, "नाही, नदीला पाणी वाढलंय." मग ते 'ताडले'मध्ये, आणि वाक्य झाले, "धरण भरले असावे." दुसरा म्हणेल, "दादा म्हणाला." मग ते 'ऐकले'मध्ये, आणि तिथे दादाचे नावही लिहा. बोलणारा हरवू देऊ नका.

तिसऱ्या रकान्याकडे विशेष लक्ष द्या. "तुला काय वाटतं?" असे मुलाला विचारले की ते आधी गुरुजींच्या तोंडाकडे पाहते आणि गुरुजींना जे वाटत असेल ते सांगते. त्याला पुढचा प्रश्न विचारा, "का वाटतं?" उत्तर चुकले तरी रागावू नका. कारण 'का'चे उत्तर शोधताना मुलाचे वाटणे हळूहळू म्हणणे होते. उद्या तेच मूल ग्रामसभेत उभे राहणार आहे, बाजारात कांदा विकणार आहे आणि रात्री उसाला पाणी द्यायला जाणार आहे.

आपल्या आज्या-पणज्या शाळेत गेल्या नव्हत्या, पण 'दिसला', 'असावा', 'वाटतं' आणि 'म्हणे' यांत त्यांची कधी गफलत होत नसे. ही शिस्त त्यांनी आपल्या तोंडात घालून ठेवली आहे. उद्या सकाळी कुणी तुम्हाला म्हणाले, "उसात वाघ आहे," तर आधी एवढेच विचारा, "दिसला, की म्हणे?" आणि उत्तर 'दिसला' असे आले, तर पोरांना घरात घ्या आणि वनखात्याला कळवा.